डबी फोडू नका

परवा एका मित्राचा फोन आला. शिकागोला १८९३ साली जे जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्या वेळचं एक पदक त्याला जुन्या संग्रहातून मिळालंय, तेही १९९०च्या आसपासच्या जुन्या स्लॅबमध्ये. "फोडून पुन्हा पाठवू का रे? तेव्हा फार हात आखडून दर्जा द्यायचे म्हणतात. एखादा आकडा तरी वाढेल." मी इतक्या जोरात 'नको' म्हणालो की तो दचकलाच. फोनवर कारण काही धड सांगता आलं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरच्या मंडळींना 'हा तिकडे अमेरिकेत नाणी प्लॅस्टिकमध्ये का कोंडतो' हे कोडं अजून सुटलेलं नाही, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी. जुनं नाणं किती झिजलंय यावर त्याची किंमत. पण ते ठरवणार कोण? विकणारा चढवून सांगणार आणि घेणारा पाडून. म्हणून तिसरा माणूस हवा. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७२ मध्ये नाणं खरं की खोटं हे तपासून द्यायला सुरुवात केली (तीच 'अ‍ॅनॅक्स'), आणि १९७९ पासून दर्जाही द्यायला लागले. पण नाणं वेगळं आणि फोटो लावलेलं प्रमाणपत्र वेगळं! एकाचा कागद दुसऱ्याला जोडायला कितीसा वेळ लागतो? मग १९८६ साली पीसीजीएसने नाणं आणि दर्जाची चिठ्ठी एकाच प्लॅस्टिकच्या डबीत कायमची बंद करायला सुरुवात केली. १९८७ मध्ये एनजीसी आली, १९८९ मध्ये अ‍ॅनॅक्सनेही छोट्या पांढऱ्या डब्या काढल्या. याच त्या 'स्लॅब'. पीसीजीएसच्या पहिल्या डब्या हलवल्या की खुळखुळतात, म्हणून त्यांना 'रॅटलर' हे लाडाचं नाव.

आता गंमत अशी, की हा सगळा धंदा उभा राहिला तो सरकारी नाण्यांच्या जिवावर. टोकनं आणि पदकं म्हणजे पंगतीत शेवटी बसलेले पाहुणे. त्यामुळे सुरुवातीच्या स्लॅबमधलं टोकन दिसलं की मला हमखास थांबावंसं वाटतं. ज्या काळी कोणी फारसं विचारत नव्हतं, त्या काळी कोणीतरी हे सरकारी नसलेलं तांब्याचं चकतं पैसे भरून तपासायला पाठवलं होतं. का बरं पाठवलं असेल?

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. अमेरिकन यादवी युद्धात, १८६२ साली, लोकांनी नाणी घरात दडवून ठेवली आणि बाजारातून सुटे पैसे गायब झाले. मग दुकानदारांनी आणि खाजगी छापणाऱ्यांनी सेंटच्या आकाराची तांब्याची टोकनं काढली. १८६४ मध्ये कायद्याने ती बंद झाली. त्यातलंच १८६३चं एक 'डिक्स टोकन' माझ्याकडे होतं. जॉन डिक्स हे अर्थमंत्री. जानेवारी १८६१ मध्ये त्यांनी तारेने हुकूम दिला होता, की अमेरिकेचा झेंडा जो उतरवायला जाईल त्याला जागच्या जागी गोळी घाला. ते वाक्य टोकनावर आलं, पण काही ठशांवर 'स्पॉट'चं 'स्पूट' झालं! माझं टोकन या 'स्पूट'वाल्यांपैकी होतं. मी ते २००९ साली दीडशे डॉलरला घेतलं होतं. जुनी डबी, चिठ्ठीवर फक्त 'सिव्हिल वॉर टोकन', साल आणि ६४ हा दर्जा. 'स्पूट'चा उल्लेखही नाही.

मला वाटलं, नवीन चिठ्ठीवर 'स्पूट' येईल, ६४चे ६५ होतील. पक्कड घेतली, फडक्यात गुंडाळून डबी फोडली, कचऱ्यात टाकली आणि टोकन दुसऱ्या एका कंपनीकडे पाठवलं. दोन महिन्यांनी ते परत आलं. 'स्पूट' आलं होतं, पण आकडा गायब. नुसता शेरा: पूर्वी साफ केलेलं.

गंमत म्हणजे आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला राणीछाप रुपया चिंचेने लखलखीत घासतात, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. इथे तेच करणं म्हणजे पाप. असो.

बरोबर कोण होतं? जुन्या तपासनिसाला ते घासणं दिसलं नाही, की दिसूनही त्याने चालवून घेतलं? आता कळायला मार्ग नाही, कारण त्याचं म्हणणं मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकलं. टोकन होतं तसंच आहे. पण त्याच्याबद्दल दोन जाणकारांची दोन मतं होती, त्यातलं आता एकच उरलं. पैशाचं नुकसान मी विसरलो, हे मात्र अजून टोचतं.

आणखी एक मुद्दा. कोणत्या दर्जाची किती टोकनं तपासली याचे आकडे या कंपन्या प्रसिद्ध करतात. डबी फोडून तीच वस्तू पुन्हा पाठवली आणि जुनी चिठ्ठी परत केली नाही, तर एकाची दोन मोजली जातात. सरकारी नाण्यांच्या हजारोंच्या आकड्यात ते खपून जातं. पण ज्या टोकनाची नोंदच चार-पाच आहे, तिथे एका हावरट माणसामुळे सगळं चित्र खोटं होतं.

म्हणजे जुन्या प्लॅस्टिकसाठी जादा पैसे मोजा असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. 'नाणं घ्या, डबी नको' ही इथली जुनी म्हण मला शंभर टक्के मान्य आहे. आधी वस्तू बघा, ती आवडली तरच घ्या. आत हिरवा चिकट थर वाढताना दिसला, तर वस्तू वाचवायला डबी खुशाल फोडा. पण आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि चिठ्ठी जपून ठेवा.

मात्र निव्वळ एका आकड्यासाठी फोडू नका. चिठ्ठीवरचा आकडा हे एका माणसाचं, एका दिवसाचं मत असतं. ते चुकीचं असू शकतं, पण ते त्या काळचं आहे आणि पुन्हा मिळणार नाही. घराण्याच्या जुन्या वहीत आजोबांची बेरीज चुकली म्हणून कोणी ते पान फाडत नाही, शेजारी आपलं उत्तर लिहितो.

मित्राला मी हेच सांगणार आहे. तो ऐकेल की नाही, देव जाणे. पक्कड त्याच्याही घरी आहे!