हिशेब कोण विचारतो?

अर्थसंकल्पाच्या दिवशी वाहिन्यांवर चर्चेला ऊत येतो. ते पैसे पुढे खर्च कसे झाले, हे विचारले जाते तिथे मात्र कॅमेरे नसतात. हे काम संसदेच्या लोकलेखा समितीचे. लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे तिचे २२ सदस्य. मंत्र्यांना त्यात स्थान नाही. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. महालेखापरीक्षकांचा अहवाल पुढ्यात ठेवून खात्याच्या सचिवांना विचारले जाते: मंजुरीपेक्षा जादा खर्च का झाला? निधी पडून का राहिला?

खर्च होण्याआधीच्या छाननीसाठी १९९३ पासून विभागनिहाय स्थायी समित्या आहेत. आज त्या २४ आहेत. खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या त्या बारकाईने तपासतात. सभागृहात मात्र बहुतेक मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. २०१८ मध्ये तर लोकसभेने सगळ्याच तशा उरकल्या.

बैठका बंद दाराआड होतात, याबद्दल आमची तक्रार नाही. कॅमेरा नसला की पक्षाचा आवेशही जरा ओसरतो. दुखणे पुढे आहे. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. त्यांचे काय झाले, याचे निवेदन मंत्र्यांनी सहा महिन्यांतून एकदा करायचे असते. बहुधा ते पटलावर ठेवले की विषय मिटतो. निदान नाकारलेल्या शिफारशींवर तरी प्रत्येक अधिवेशनात एक दिवस चर्चा व्हावी. करदात्याचा तेवढा हक्क नक्कीच आहे.

– संपादक