मुखपृष्ठाची बाजू

मुखपृष्ठाचं कौतुक करायला जावं, तर कुणीतरी हटकून चोखोबांचा उसाचा अभंग पुढे करतो. वरच्या रूपाला कशाला भुलता, असा त्यांचा सवाल. दुसरा म्हणतो, ही सगळी दुकानदारी; खरा वाचक मजकूर वाचतो, चित्र नव्हे. दोन्ही आक्षेप ऐकायला भारदस्त आहेत. टिकत मात्र दोन्ही नाहीत.

आधी चोखोबांचं. त्यांचं सांगणं माणसाबद्दल आहे. जन्मानं अंगाला चिकटलेल्या रूपावरून, जातीवरून त्याची किंमत करू नका, ही त्यांची कळकळ. माणूस आपला जन्म निवडत नाही. पुस्तकाचं मुखपृष्ठ मात्र लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांनी निवडलेलं असतं. निवडलेल्या गोष्टीची परीक्षा करायची नाही, तर कशाची करायची?

आता दुकानदारी. पुरंदर तालुक्यातल्या जेजुरीवरचं पुस्तकच घ्या. १९७६ साली अरुण कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी कवितासंग्रह आला, तो कवींनीच उभ्या केलेल्या ‘क्लिअरिंग हाउस’कडून. त्या प्रकाशनाच्या पुस्तकांची मुखपृष्ठं कोलटकरांच्याच हातची. शब्द इतक्या काटकसरीनं वापरणारा कवी नुसत्या विक्रीसाठी वेष्टनात रमला असेल, असं कोण म्हणेल? ‘बटाट्याची चाळ’ आठवताना पुलंच्या वाक्यांबरोबर वसंत सरवट्यांच्या रेषाही डोळ्यांपुढे येतात. ती चाळ दोघांनी मिळून बांधली आहे.

आक्षेपात एक गोष्ट खरी आहे : साचेबंद मुखपृष्ठं ढीगभर निघतात. ऐतिहासिक कादंबरी म्हटली की उधळलेला घोडा, उपसलेली तलवार, तांबडं आभाळ आणि मागे कुठलातरी किल्ला. ‘वाचकाला हेच लागतं’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. हे उत्तर वेल्ह्यात, म्हणजे आता सरकारदरबारी राजगड तालुक्यात, देऊन पाहा. मधोमध बालेकिल्ला आणि तीन अंगांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा, संजीवनी माच्या म्हणजे राजगड. सुवेळेचं नेढं, कातळातलं ते आरपार भोक, इथल्या पोराला लांबूनही ओळखता येतं. तोरण्याची बुधला माचीही तशीच. अशा पोराच्या हाती राजगडाचं पुस्तक दिलं आणि वर भलताच डोंगर असला, तर पहिलं पान उलटण्याआधीच त्याचा विश्वास उडतो. चित्र करणारा इथवर आलाच नाही, हे त्याला कळून चुकतं.

म्हणजे दोष मुखपृष्ठाचा नाही, न वाचता केलेल्या मुखपृष्ठाचा आहे. आवडणारं मुखपृष्ठ आधी मजकूर वाचून आलेलं असतं. ते गोष्ट सांगून टाकत नाही. एखादा तपशील नेमका धरतं आणि बाकीचं झाकून ठेवतं. गो. नी. दांडेकरांची ‘वाघरू’ राजगडावर घडते, पण नाव आहे जनावराचं. तिथे अख्खा गड रंगवण्यापेक्षा झुडपाआडची एक चाहूल पुरे. अक्षरांचंही तसंच. कमल शेडग्यांनी नाटकांची नावं अशी लिहिली की नुसत्या वळणावरून नाटकाचा पोत कळावा. शीर्षक कसंही कोपऱ्यात कोंबणाऱ्यांनी त्या नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं समोर ठेवावीत.

आणि मुखपृष्ठ गेलं तर काय होतं, हेही पाहावं. तालुक्याच्या एखाद्या वाचनालयात बांधणी केलेल्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभे राहा. एकसारखे पुठ्ठे, कापडी पाठी, वर चिकटवलेला दाखल क्रमांक. कादंबरी कुठली, शेतीचं पुस्तक कुठलं, काही उमगत नाही. जुना वाचक नाव सांगून पुस्तक मागतो. नव्या पोरानं कशाला हात घालावा? मजकूर शाबूत आहे, पण त्याच्यापर्यंत नेणारी वाट बुजली आहे. बांधताना मूळ मुखपृष्ठ कापून पुठ्ठ्यावर डकवायला खळ आणि थोडी सवड, एवढंच लागतं.

तेव्हा मुखपृष्ठाकडे बघून पुस्तक निवडणाऱ्याला उथळ म्हणणं सोडावं. तो वाचायला लागलेलाच असतो. प्रकाशकांनी चित्रकाराला आधी हस्तलिखित द्यावं, मग मुदत द्यावी. आणि मानधन असं द्यावं, की गड काढायचा तर त्याला गड चढून येणं परवडेल.