ऋषीचे कूळ आणि ग्रंथालयाची यादी





नव्या सत्रासाठी ग्रंथालयात कोणती पुस्तके घ्यावीत याची यादी दरवर्षी होते. समिती बसते, बजेट पाहते, दोन-चार नावे कमी-जास्त होतात आणि चहा पिऊन सगळे उठतात. या वेळी मात्र चहा गार झाला. कारण ठरले एका पालकांचे पत्र. यादीत रोआल्ड डाल या इंग्रजी लेखकाची 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' आणि 'माटिल्डा' ही दोन पुस्तके होती. पालकांनी विनयपूर्वक विचारले होते की, ज्या माणसाने एका अख्ख्या समाजाविषयी उघडपणे द्वेषाचे बोल काढले, त्याची पुस्तके शाळेने आमच्या फीच्या पैशातून का विकत घ्यावीत? बैठकीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी लगेच उत्तर दिले, "ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये. पुस्तक चांगले आहे ना? मग घ्या."

दोघांचेही म्हणणे आम्ही घरी नेले आणि त्यावर बरेच दिवस विचार केला. तो आपल्यासमोर ठेवीत आहोत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पालकांचा आरोप खरा आहे. 1983 साली 'न्यू स्टेट्समन' या ब्रिटिश साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत डाल यांनी ज्यू लोकांच्या स्वभावातच खोट असल्यासारखी भाषा वापरली आणि हिटलरच्या कृत्याला जणू काही कारण असावे असे सुचविले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, 1990 मध्ये, आपण ज्यूविरोधी झालो आहोत असे त्यांनी स्वतःच एका वृत्तपत्राला सांगितले. त्याच वर्षी ते वारले. पुढे 2020 साली त्यांच्या कुटुंबीयांनी या उद्गारांबद्दल जाहीर क्षमा मागितली. म्हणजे हे ऐकीव नाही, आणि कुटुंबानेही ते झाकले नाही.

आता विश्वस्तांच्या म्हणीकडे येऊ. ही म्हण आम्हाला प्रिय आहे. तुकाराम महाराजांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, त्या अभंगांत काही खोटे होते म्हणून गेल्या नाहीत. लिहिणारा कोणत्या जातीचा, हे पाहिले गेले म्हणून गेल्या, असे आपली परंपरा सांगते. कूळ पाहून वाङ्मयाची पारख करणाऱ्यांची फजिती कशी होते, हे मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. परंतु म्हण नीट ऐकावी. तिच्यात कूळ शोधू नये असे म्हटले आहे. कूळ कोणी निवडत नाही. मत मात्र माणूस स्वतः निवडतो आणि त्याची जबाबदारीही त्याची असते. तेव्हा या म्हणीने पालकांच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. प्रश्न जागच्या जागी राहतो.

पालकांच्या बाजूनेही आपल्याकडे मोठी परंपरा आहे. 1905 मध्ये वंगभंगाच्या घोषणेनंतर पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. स्वदेशी आणि बहिष्कार हे शब्द लोकमान्यांनी घरोघरी पोचविले. वस्तू घेणे किंवा न घेणे हेही एक मत असते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी जगून दाखविले. पण त्या बहिष्काराचा नेम पक्का होता. तो कापडावर होता, कारण कापडाचा पैसा परक्या सत्तेच्या व्यापाराला बळ देत होता. म्हणून पुस्तकाच्या बाबतीतही पहिला प्रश्न असा की, आपला रुपया जातो कोठे?

डाल यांना जाऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला. त्यांच्या पुस्तकांचा स्वामित्वहक्क भारतात 2050 सालच्या अखेरपर्यंत आहे, म्हणजे पैसा कोणाला तरी मिळतोच. हे हक्क सांभाळणारी कुटुंबाची कंपनी 2021 साली नेटफ्लिक्सने विकत घेतली. म्हणजे आपण दिलेल्या पैशातून प्रकाशकाला व एका करमणूक कंपनीला मिळकत होते. डाल यांच्या द्वेषाच्या प्रचाराला त्यातला पैसाही जात नाही.

याच्या उलट एक उदाहरण पाहा. ऑर्सन स्कॉट कार्ड या अमेरिकन लेखकाची 'एंडर्स गेम' ही 1985 सालची विज्ञान कादंबरी किशोरवयीन मुलांत फार वाचली जाते. समलिंगी विवाहांना कायद्याची मान्यता मिळू नये म्हणून प्रचार करणाऱ्या एका संघटनेच्या संचालक मंडळावर कार्ड काही वर्षे होते. 2013 साली कादंबरीवर चित्रपट निघाला, तेव्हा पुष्कळांनी तो न पाहण्याचे आवाहन केले. त्यांचे म्हणणे होते की, हा लेखक हयात आहे, तो नुसते बोलत नाही तर आमच्या हक्कांविरुद्ध प्रत्यक्ष काम करतो, आणि त्याच्या हाती आणखी बळ देण्यात आमचे तिकीट नसावे. या म्हणण्याशी कोणी सहमत असो वा नसो, त्यातला विचार सरळ आहे. मत असणे वेगळे आणि त्या मतासाठी मोहीम चालविणे वेगळे. दोन्हींना एकच माप लावू नये.

पण पैशाचा हिशोब लागला म्हणून प्रश्न संपत नाही. ज्याच्या समाजाविषयी ते उद्गार निघाले, त्याच्या मनाचे काय? दुसऱ्याच्या जखमेवर उदार होणे फार सोपे असते. या ठिकाणी आम्हाला संगीतकार रिचर्ड वाग्नर यांची आठवण होते. वाग्नर जर्मन. त्यांनी 1850 साली ज्यू संगीतकारांविरुद्ध एक विखारी निबंध लिहिला. ते 1883 मध्ये वारले, म्हणजे हिटलरच्या जन्माच्याही सहा वर्षे आधी. पण नाझींनी त्यांच्या संगीताला डोक्यावर घेतले. नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीत ज्यूंची घरे, दुकाने, प्रार्थनास्थळे फोडली गेली, तेव्हा पॅलेस्टाईनमधील ज्यू वादकांच्या वाद्यवृंदाने आपल्या कार्यक्रमातून वाग्नर काढून टाकला. पुढे इस्राएल झाला. त्याविरुद्ध कायदा कधी झाला नाही, पण वाग्नर जाहीर कार्यक्रमात न वाजविण्याचा संकेत टिकून राहिला. छळछावणीतून वाचलेला एखादा वृद्ध श्रोता त्या सुरांनी अस्वस्थ होत असेल, तर त्याला "कला आणि कलावंत वेगळे ठेवा" असा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

7 जुलै 2001 रोजी जेरुसलेममध्ये डॅनियल बॅरेनबॉइम यांचा कार्यक्रम होता. बॅरेनबॉइम स्वतः ज्यू. ठरलेला कार्यक्रम संपल्यावर ते श्रोत्यांकडे वळले आणि आता वाग्नर ऐकायचा का, असे त्यांनी विचारले. सुमारे अर्धा तास सभागृहात वाद झाला. काहींनी दूषणे दिली, काही उठून गेले, दारे आपटली. पुष्कळ जण थांबले आणि त्यांनी ऐकले. त्यावरून नंतर टीकाही खूप झाली. आम्हाला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. ज्याला ऐकायचे नव्हते त्याला कोणी बसवून ठेवले नाही, आणि ज्याला ऐकायचे होते त्याला कोणी उठवले नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि शाळेसाठी हाच सर्वांत मोठा. लेखकाचे मत पुस्तकात उतरले आहे का? 'चार्ली'चेच पाहा. 1964 च्या पहिल्या आवृत्तीत कारखान्यात राबणारे उंपा-लुंपा हे आफ्रिकेच्या जंगलातून आणलेले काळे, बुटके लोक होते; कोकोच्या बिया हीच त्यांची मजुरी. गुलामगिरीचा इतिहास ज्यांना ठाऊक होता, त्या वाचकांना हे खटकले आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संघटनेने आक्षेप घेतला. 1973 च्या आवृत्तीत डाल यांनी स्वतः ते वर्णन बदलले. हे कसे घडले? लोकांनी पुस्तक वाचले, पान दाखविले आणि चूक काय ते सांगितले. न वाचता एवढी नेमकी टीका करता आली नसती. उलट 2023 साली, लेखकाच्या पश्चात, प्रकाशकाने त्याच्या पुस्तकांतील शेकडो शब्द बदलले, तेव्हा जगभर इतका गदारोळ झाला की जुन्या संहितेच्या प्रतीही छापत राहू, असे त्याला जाहीर करावे लागले.

येथे आमची एक चूक कबूल करणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी एका हयात लेखकाचे वर्तमानपत्रातील विधान आम्हाला फार झोंबले होते. त्या रागात आम्ही त्यांची पाच पुस्तके खरेदीच्या यादीतून गुपचूप काढून टाकली. समितीत चर्चा नाही, नोंद नाही. काही महिन्यांनी नववीतली एक मुलगी कार्यालयात आली. त्यातले एक पुस्तक तिला हवे होते. "मॅडम, त्या पुस्तकात वाईट काय आहे?" एवढेच तिने विचारले. आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही ते पुस्तक वाचलेच नव्हते.

त्या दिवशी आम्हाला आमचे विद्यार्थीजीवन आठवले. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. जगातले कितीतरी लेखक आम्हाला प्रथम हिंदी अनुवादातून, कॉलेजच्या ग्रंथालयातल्या फाटक्या प्रतींतून भेटले. त्यांपैकी कोण कसा होता, हे पुष्कळ नंतर कळले. नॉर्वेचे नुट हाम्सुन यांना 1920 साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. 1943 मध्ये त्यांनी ते पदक हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला भेट दिले. हे कळले तेव्हा धक्का बसला. पण त्या काळी एखाद्या ग्रंथपालाने ते पुस्तक आमच्यापासून लपविले असते, तर आम्हाला लेखकही कळला नसता आणि त्याची घसरणही कळली नसती. एवढी जाण असलेला माणूस असा कसा वागला, हा प्रश्नसुद्धा शिक्षणाचाच भाग आहे.

एक भेद मात्र जपला पाहिजे. वाचणे आणि गौरव करणे या दोन गोष्टी आहेत. डाल यांची जन्मशताब्दी 2016 मध्ये होती. ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने त्यांच्या स्मरणार्थ नाणे काढण्याचा विचार केला आणि त्यांच्या ज्यूविरोधी लौकिकामुळे तो सोडून दिला. डाल यांची पुस्तके मात्र त्या देशात दुकानांत होती आणि आजही आहेत. हा विवेक आम्हाला पटतो. नाणे म्हणजे सर्वांच्या वतीने केलेला सन्मान. पुस्तक म्हणजे एका वाचकाची एका लेखकाशी भेट.

म्हणून समितीने पुढीलप्रमाणे ठरविले आहे. दोन्ही पुस्तके यादीत राहतील. ती मुलांना देताना भाषाशिक्षक लेखकाचे उद्गार आणि कुटुंबाची क्षमायाचना, दोन्ही वयाला झेपेल अशा शब्दांत सांगतील. ज्या घराला ती नको असतील, त्या मुलाला वाचनतासाला दुसरे पुस्तक मिळेल. त्याचे गुण जाणार नाहीत आणि त्याला कोणी कारणही विचारणार नाही. डाल यांच्या नावाने शाळेत कार्यक्रम होणार नाही. आणि हयात लेखकाच्या पुस्तकावर आक्षेप आला, तर पुस्तक वाचून, समितीत चर्चा करून, निर्णय कारणांसह रजिस्टरात लिहिला जाईल. गुपचूप काहीही काढले जाणार नाही. हा शेवटचा नियम आम्ही स्वतःसाठी केला आहे.

पत्र लिहिणाऱ्या पालकांना आमचे सांगणे असे की, आपल्या घरी आपण ही पुस्तके घेतली नाहीत, तर तो आपला अधिकार आहे आणि त्याबद्दल आमच्या मनात आदर आहे. घरचा पैसा आपल्या एकट्याच्या सदसद्विवेकाने खर्च होतो. शाळेचा पैसा सहाशे घरांचा असतो. तो कोणा एकाच्या रागाने किंवा कोणा एकाच्या प्रेमाने खर्च होऊ नये. आपण पत्र लिहिले नसते, तर ही यादी यंदाही चहाबरोबर मंजूर झाली असती. त्याबद्दल आपले आभार.

आणि नववीतल्या त्या मुलीसाठी, जी आता आपल्या शाळेत नाही: ती पाचही पुस्तके यंदाच्या यादीत आहेत. त्यातली दोन आम्ही वाचली. एक आवडले, एक आवडले नाही. न आवडण्याचे कारण पुस्तकातच सापडले.