सब्र करा, पण अर्ज देऊन

मय्यतीच्या घरी आपण ‘सब्र करा’ म्हणतो. तिथे तो शब्द शोभतो. पण विमा कंपनी महिनोन्महिने पैसे अडवून ठेवते, तेव्हाही घरातल्या बाईला हाच सल्ला दिला जातो. याला माझा सरळ विरोध आहे.

माझी खाला हिवरा आश्रमला राहते. खालू वारले त्याला नऊ महिने झाले. पॉलिसीचे हप्ते वेळेवर भरलेले होते. दावा अडला तो नावावर. पॉलिसीवर पूर्ण ‘शेख’, आधारवर नुसतं ‘एसके’, मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाआधीचं ‘शेख’ गायब. खाला एका कागदावर ‘बी’, दुसऱ्यावर ‘बानो’. प्रत्येक खेपेला नवा कागद मागितला गेला, पण काय कमी आहे ते एकदाही लेखी मिळालं नाही. नातेवाईक म्हणतात, ‘नसीब में होंगे तो मिल जाएंगे.’

नसीबाचा इथे काय संबंध? हा करार आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार मृत्यूचा दावा तपासाची गरज नसेल तर १५ दिवसांत आणि तपास करायचा असेल तर ४५ दिवसांत निकाली काढायचा असतो. उशीर झाला तर बँक दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज द्यावं लागतं. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला ३ वर्षं झाली की कोणत्याही कारणावरून ती खोटी ठरवता येत नाही. मात्र बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली असेल, तर ही ३ वर्षं तिथून मोजतात.

ही रडगाणी फक्त आपलीच आहेत असंही नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजनेत दावे लटकवले आणि नाकारले जात होते. शेवटी २०२३ मध्ये राज्य सरकारने कंपन्यांना बाजूला केलं आणि २ लाखांची मदत थेट अनुदान म्हणून द्यायचं ठरवलं. सरकारचाच सब्र संपला, मग विधवेने तो किती करायचा?

आता थोडं आपल्याबद्दल. काही बुजुर्ग म्हणतात, विम्याचा पैसा शंकेचा आहे, मागे लागू नका. पॉलिसी घ्यावी की नाही, हे आलिमांना जरूर विचारा. पण मरणाऱ्याने घाम गाळून भरलेले हप्ते कंपनीच्या तिजोरीत सोडून देणं ही कसली परहेजगारी? यतीमांच्या मालाबद्दल कुरआनची ताकीद किती कडक आहे, हे आपण रोज ऐकतो ना?

दुसरं कारण इद्दतचं. चार महिने दहा दिवस ती घरात असते आणि कागद पेटीत. गरजेच्या कामासाठी दिवसा बाहेर पडायला तिला मनाई नाही. आणि तिने निघायचं नसेल तर भाऊ, भाचे, पुतणे कशाला आहेत? जनाज्याला आपण शंभर जण जातो. २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करायला, दाखल्यावरचं नाव अक्षर न अक्षर तपासायला त्यातला एक जरी गेला तरी पुष्कळ झालं.

मित्रांनो, आपण मोबाईलवर सगळ्या जगाचे फॉर्म भरतो. एक फॉर्म मोहल्ल्यातल्या विधवेचा भरा. मयताचं पासबुक बघा. मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कापले गेले असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना असते. तिचे २ लाख असतात आणि घरात बऱ्याचदा कुणाला माहीतही नसतं. कंपनीला अर्ज द्या, पोहोच घ्या, त्रुटी लेखी मागा. तक्रार करून महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते.

ज्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला हजारो माणसांची पंगत शिस्तीत उठते, तिथे जुम्म्याच्या नमाजनंतर तासभर एक टेबल मांडणं अवघड नाही. तुमच्या गावातही नाही. आणि ते मांडायच्या आधी आज रात्री स्वतःच्या अब्बू-अम्मीचे कागद काढा. आधार, पासबुक, पॉलिसी, तिन्हींवर नाव एकच आहे का, बघा. नसेल तर ते जिवंत असतानाच दुरुस्त करून घ्या.