कात्रीची भाषा

जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदा संगमरवरी कड्यांमधून वाहते. १९६० सालच्या ‘जिस देश में गंगा बहती है’ या हिंदी चित्रपटातील एका गीताचे चित्रीकरण येथे झाले. निघून चाललेल्या नायकाला नायिका आर्ततेने थांबवू पाहते, असा तो प्रसंग आहे. प्रेक्षकांना नायक-नायिका आठवतात; संकलक जी. जी. मयेकर यांचे नाव मात्र क्वचितच कोणाच्या ओठी येते. वस्तुतः प्रसंगाचा परिणाम साधण्यात संकलकाचा वाटा मोठा असतो.

चित्रीकरण तुकड्यातुकड्यांनी होते. भेडाघाटचा धुवांधार धबधबा एकीकडे, तर नौकाविहाराची शांत दरी तेथून काही अंतरावर. प्रवाशाला हे अंतर चालावे लागते. संकलक दोन तुकडे जोडून ते क्षणात मिटवतो. तुकडे आखूड ठेवले, की प्रसंगाला वेग येतो आणि छाती धडधडते. लांब ठेवले, की मन स्थिरावते. एक दृश्य विरत असताना दुसरे उमटले, की मध्ये काळ लोटल्याचे न सांगताच कळते.

रशियातील दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यांनी कधी अन्नाच्या, तर कधी शवपेटीच्या दृश्याशेजारी जोडला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक, तर कधी शोक दिसला, असे सांगतात. अर्थ चेहऱ्यात नव्हता, जोडणीत होता.

कलेत हे सामर्थ्य आनंद देते. पण हीच कात्री बातम्यांत आणि मोबाइलवरील चित्रफितींतही चालते. भाषणातील अर्धे वाक्य कापले, की अर्थ उलटतो. एका गावची गर्दी दुसऱ्या गावच्या घटनेला जोडली, की अफवा पसरते आणि शेजारी शेजाऱ्याचा वैरी होतो.

चिकित्सेने रसभंग होतो, असे काहींना वाटते. परंतु ताल समजणाऱ्याला गाणे अधिकच गोड लागते. साक्षर माणूस कागद वाचल्याशिवाय सही करीत नाही. त्याचप्रमाणे, या दृश्याच्या आधी काय होते, नंतर काय घडले आणि मधले काय कापले, हे विचारल्याशिवाय सुजाण प्रेक्षकाने पडद्यावरील चित्रावर विश्वास ठेवू नये. चित्र वाचता येणे हीदेखील साक्षरताच होय.