आधी माल की आधी पैसा?

उस्मानाबादी शेळीच्या व्यापारात एक पेच कायमचा आहे. परंडा किंवा कळंबचा विक्रेता म्हणतो, आधी पैसे पाठवा, मग जनावरे गाडीत भरतो. मुंबईचा खरेदीदार म्हणतो, जनावरे देवनारला उतरू द्या, मग पैसे देतो. दोघांचेही म्हणणे रास्त आहे, कारण जो आधी देतो तोच फसू शकतो. आठवडी बाजारात एका हाताने दावे व दुसऱ्या हाताने नोटा, त्यामुळे तेथे हा प्रश्न येत नाही. अंतर वाढले की तो उभा राहतो.

मोबाईलमुळे हा पेच सुटला, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे पैसा क्षणात पोहोचतो हे खरे, परंतु गाडी भरली की नाही हे बँक पाहत नाही. उलट पैसे पाठविल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल उचलणारेही निघाले आहेत. व्यवहार वेगवान झाला म्हणजे तो सुरक्षित झाला असे नव्हे.

संगणकशास्त्रातही हाच प्रश्न आहे. दोघांनाही आपापले मिळावे, नाही तर कोणालाच काही मिळू नये, अशी देवाणघेवाण कशी साधावी? त्यावर तीन मार्ग सांगितले जातात. पहिला, थोडे थोडे देणे. एक शेळी, एका शेळीचे पैसे. यात नुकसान एका शेळीपुरते राहते, पण चाळीस शेळ्यांना चाळीस फेऱ्या होतात. दुसरा, प्रत्येक सौद्यात विश्वासू मध्यस्थ बसविणे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची रक्कम बँकेतील एस्क्रो खात्यात ठेवणे बंधनकारक केले, ते याच धर्तीवर. मार्ग भरवशाचा आहे, पण दर सौद्याला खर्च आणि विलंब आलाच.

तिसरा मार्ग १९९७ साली अशोकन, शुंटर व वाइडनर या संशोधकांनी मांडला. दोघे पक्ष प्रथम एकमेकांना सहीचा कबुलीनामा देतात आणि मग देवाणघेवाण करतात. सर्व सुरळीत झाले तर मध्यस्थाला काहीच काम नसते. एकाने हात वर केले तरच दुसरा तो कबुलीनामा घेऊन मध्यस्थाकडे जातो. मध्यस्थाला पूर्णपणे वगळता येत नाही, हे १९९९ साली पाग्निया व गार्टनर यांनी सिद्ध केले. परंतु त्याला रोज दारात बसविण्याची गरज नाही.

आमच्या मते छोट्या व्यापाऱ्याला परवडणारा मार्ग हाच आहे. कुरआनच्या सूरह बकरातील २८२ व्या आयतीतही उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची व साक्षीदार घेण्याची ताकीद आहे, तर हातोहात होणाऱ्या सौद्यात न लिहिण्यास हरकत नाही, असे म्हटले आहे. म्हणजे जेथे धोका आहे तेथेच बंदोबस्त हवा.

यासाठी फार काही लागत नाही. नग, वजन, दर, पैसे देण्याची तारीख आणि वाटेत जनावर दगावल्यास तोटा कोणाचा, हे सौद्यापूर्वी लिहून दोघांनी सही करावी. गाडी भरताना व्हिडिओ काढावा व काट्याची पावती ठेवावी. पैसे आले की नाही ते स्वतःच्या खात्यात पाहावे, समोरच्याच्या मोबाईलवर नव्हे. आणि वाद झाल्यास निवाडा कोण करील, त्याचे नाव त्याच कागदावर लिहावे. १९९६ च्या लवाद कायद्याने अशा लेखी कराराला मान्यता दिली आहे. लवादाचा निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येतो. भूमकडच्या खव्यासारख्या नाशवंत मालाला तर याची अधिकच गरज आहे. खवा कोर्टाच्या तारखेपर्यंत टिकत नाही.

काही जण म्हणतील, आमच्यात शब्दाला किंमत आहे, कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे. वस्तुतः कागद नसला की नुकसान होते ते शब्द पाळणाऱ्याचेच. व्यापारी संघटनांनी तालुक्यातील दोन-चार जाणत्या, निःपक्ष माणसांची नावे लवाद म्हणून जाहीर करावीत. त्यांच्याकडे वर्षभरात एकही वाद आला नाही, तर ती व्यवस्था निकामी ठरली असे समजू नये. ती यशस्वी झाल्याचीच ती खूण असेल.