घरची यंत्रे : अडगळीतल्या राऊटरला नवा जीव



भाताची लावणी उरकली की आमच्या मावळात माणसाला जरा बूड टेकायला सवड मिळते. बाहेर पाऊस धरलेला, खाचरे तुडुंब, आणि घरात मग एकेक रुसलेली वस्तू समोर येते. या सदराकडे येणारी पत्रेही याच दिवसांत वाढतात. यंदा तिघाचौघांनी जवळजवळ एकच गोष्ट विचारली आहे : घरचा वाय-फायचा राऊटर पाच-सहा वर्षांचा झाला, चालतो पण अडखळतो. दुकानदार म्हणतो नवा घ्या. मुलगा म्हणतो, यातच दुसरे सॉफ्टवेअर घालता येते, फुकट मिळते. कोणाचे ऐकावे?

मुलाचे ऐका, पण मुलाच्या घाईने नव्हे. असे का म्हणतो, ते आमच्या सोमाटण्याच्या घरात २०२५ च्या पावसाळ्यात घडले त्यावरून कळेल. त्यात शहाणपणा कमी आणि फजिती जास्त आहे, तरी सांगतो.

आधी पेटीच्या पोटात काय असते ते पाहू. राऊटर म्हणजे एक छोटा संगणकच. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, एवढेच. त्याने काय करावे, कोणाला आत घ्यावे, कोणाला अडवावे, याची आज्ञावली त्याच्या आतल्या चिपवर लिहिलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. ही आज्ञावली कंपनी करते आणि दोन-चार वर्षे तिच्यातल्या चुका दुरुस्त करून देते. मग नवे मॉडेल बाजारात येते आणि जुन्याकडे कोणी पाहत नाही. पेटी ठणठणीत असते, पण तिच्यातली सापडलेली भोके तशीच उघडी राहतात. कुंपणाला पडलेले खिंडार जनावरालाही कळते आणि चोरालाही, तसेच हे.

खुली आज्ञावली ही याची दुसरी बाजू. पाकिटातले संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. घरचे राखलेले वाण मात्र शेजाऱ्याला देता येते, तो ते पुढे देतो. खुल्या आज्ञावलीचे तसेच आहे. कोणीही उघडून पाहावी, सुधारावी, वाटावी. अट एवढीच, की सुधारलेली आज्ञावली पेटीत घालून विकली, तर तिचा मजकूरही घेणाऱ्याला द्यायचा.

या अटीतूनच सगळे सुरू झाले. लिंकसिस कंपनीने २००२ च्या डिसेंबरात डब्ल्यूआरटी-५४जी नावाचा निळा-काळा राऊटर काढला. २००३ मध्ये काही चौकस मंडळींच्या ध्यानात आले, की याच्या पोटात लिनक्स ही खुली आज्ञावली आहे. मग अटीप्रमाणे मजकूर द्या, असा आग्रह झाला आणि कंपनीने तो दिला. त्या मजकुरावर २००४ मध्ये ओपन-डब्ल्यूआरटी हा उद्योग उभा राहिला. आज शेकडो मॉडेलांना चालणारी आज्ञावली तिथून फुकट मिळते. आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये वाय-फायची लहर घराबाहेर वापरायला परवान्याची गरज उरली नाही, आणि लगेच फेब्रुवारीत हिमाचलातल्या धरमशाळेला याच लिंकसिसच्या पेट्यांत बदल करून डोंगरातल्या संस्था एकमेकींना जोडल्या गेल्या. तेव्हा हे काही परदेशी पोरांचे खेळ नव्हेत.

आता आमची फजिती. फाट्यापासून आत, शेताच्या अंगाला आमचे घर. थोरल्या भावाचा मुलगा डिप्लोमाला आहे. एके दिवशी जेवण झाल्यावर तो म्हणाला, "काका, राऊटरला नवी आज्ञावली घालूया का? दहा मिनिटांचं काम आहे."

पुतणीचा अकरावी प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. त्या वर्षीपासून हे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. ती म्हणाली, "काका, माझं होऊ द्या आधी." मी म्हटले, "अगं, दहा मिनिटं." ही चूक माझी. पोराच्या माथी मारणार नाही.

फाईल घातली. पडद्यावर पट्टी सरकू लागली, आणि निम्म्यात लाईट गेली. मावळात पावसाळ्यात लाईट जाणे नवे नाही. लॅपटॉपला बॅटरी होती म्हणून आम्ही निर्धास्त होतो. राऊटरला कुठली आली बॅटरी! लाईट आली तेव्हा पेटीचा एकच दिवा लुकलुकत होता आणि वाय-फायचे नाव दिसेना. अर्धवट लिहिलेली आज्ञावली म्हणजे अर्धी फाडलेली सातबाऱ्याची प्रत. असून नसल्यासारखी.

त्यात वहिनींच्या मोबाईलचा डेटा संपलेला, आणि माझ्या फोनला भिंतीच्या आत धड रेंज नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी मायलेकी भर पावसात फाट्यावरच्या एका दुकानात जाऊन अर्ज भरून आल्या. अर्ज भरला गेला, पण ओल्या साडीने दारात उभ्या राहून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला तरी कळायला हवं होतं." पुतणी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

म्हणून पहिली गोष्ट : घरात एकच राऊटर असेल तर त्याला हात लावू नका. पोटमाळ्यावर पडलेला जुना शोधा, नाहीतर कोणाचा तरी टाकाऊ मागून घ्या. त्यावर हात बसू द्या. घरचे नेट चालू राहिले की शिकताना जिवाला घोर नसतो.

दुसरी गोष्ट, फायबरची वायर जिच्यात थेट शिरते ती नेटवाल्याने दिलेली पेटी. ती तशीच राहू द्या. तिला बहुधा कुलूप असते, ती बऱ्याचदा त्याच्याच मालकीची असते, आणि बिघडली तर तुमचे सगळेच बंद. आपला प्रयोग तिच्या पुढे जोडलेल्या, आपण विकत घेतलेल्या राऊटरवर.

आणि तिसरी, जी मला तेव्हा सुचली नाही : चढण्याआधी उतरायची वाट पाहून ठेवणे. लोहगडावर आषाढात धुके उतरते तेव्हा जाणता माणूस आधी परतीची पायवाट बघतो. राऊटरचेही तसेच. आज्ञावली अर्धी मेली तरी तिच्या आधी जागा होणारा एक लहानसा भाग बहुतेक पेट्यांत शाबूत राहतो. त्याला बूटलोडर म्हणतात. तो जिवंत असेल तर पेटी परत उभी करता येते. मात्र आपल्या मॉडेलला हे कसे करायचे, ते नेट चालू असतानाच वाचून कागदावर लिहून ठेवावे. आम्ही हे सारे नंतर, कुंपणाशी उभे राहून मोबाईलवर वाचले.

पद्धत साधारण अशी. लॅपटॉप आणि राऊटर केबलने जोडायचे. लॅपटॉपला ठरलेला पत्ता स्वतः द्यायचा. कंपनीची मूळ फाईल ठरलेले नाव देऊन एका फोल्डरात ठेवायची. टीएफटीपी नावाचा छोटा प्रोग्रॅम चालू करायचा. मग राऊटरचे रीसेट बटण दाबून धरून वीज सुरू करायची. पेटी जागी होताच फाईल मागून घेते. पत्ता आणि फाईलचे नाव कंपनीगणिक वेगळे असते, म्हणून इथे देत नाही. अंदाजाने चालत नाही.

आमचे दोन प्रयत्न फुकट गेले. एकदा लॅपटॉपची सुरक्षा-भिंत, म्हणजे फायरवॉल, फाईल बाहेर जाऊ देत नव्हती. ती तेवढ्यापुरती बंद करावी, लॅपटॉपचे वाय-फायही बंद ठेवावे. दुसऱ्यांदा राऊटर जागा होऊन फाईल मागून मोकळाही झाला, तोवर लॅपटॉपला केबल जोडल्याचे भानच आले नव्हते. पुतण्याने मधे एक साधा नेटवर्क स्विच जोडला. त्यामुळे लॅपटॉपच्या बाजूची केबल सतत जागी राहिली आणि तिसऱ्या खेपेला फाईल गेली. पाच मिनिटांनी दिवे ओळीत लागले. पुतण्या ओरडला, "काका, उठला!" एखादे वासरू उठावे तसा.

मग काम रीतीने केले. राऊटर उलटा करून खालचे लेबल वाचले. मॉडेलच्या नावापुढे बारीक अक्षरात आवृत्ती असते, व्ही-२, व्ही-३ अशी. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांच्या पोटात अगदी वेगळे भाग असू शकतात. ओपन-डब्ल्यूआरटीच्या यादीत नाव आणि आवृत्ती दोन्ही जुळली, तरच पुढे जावे. साठवणीची चिप निदान ८ मेगाबाइट आणि मेमरी ६४ मेगाबाइट हवी, तीही काठावरच. १६ आणि १२८ असेल तर निश्चिंत. चार आणि बत्तीसवाल्या जुन्या पेट्यांना नव्या आवृत्त्या चालत नाहीत, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

फाईली दोन प्रकारच्या दिसतील. कंपनीच्या आज्ञावलीवरून पहिल्यांदा येताना 'फॅक्टरी' नावाची घ्यायची. नंतर नवी आवृत्ती घालताना 'सिसअपग्रेड'. फाईलसोबत एक लांबलचक आकडा-अक्षरांची ओळ असते. उतरवून घेतलेल्या फाईलचा तसाच आकडा काढून ताडून बघा. वजनकाट्यावर पोते पुन्हा घालण्यासारखे आहे, पण खराब फाईल इथेच सापडते. काम केबलनेच करावे, वाय-फायवरून नव्हे. आणि राऊटर बॅटरीवर ठेवावा. बहुतेक राऊटर १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून त्याला जुळणारा घ्या.

नेटवाल्याने दिलेले युजरनेम-पासवर्ड असतील तर तेही आधी वहीत उतरवून ठेवा. जुनी आज्ञावली पुसली की ते गेले.

नवी आज्ञावली बसली की पहिला धक्का बसतो : वाय-फाय दिसतच नाही. पेटी मेली असे समजून पुष्कळजण पुन्हा खटपट करतात आणि खरेच मारतात. ती मेलेली नसते. ओपन-डब्ल्यूआरटीत वाय-फाय मुद्दाम बंद ठेवलेले असते, कारण अजून पासवर्ड नसतो. केबल लावून १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडा, आधी मालकाचा पासवर्ड घाला, देश भारत निवडा, मग वाय-फायला नाव आणि पासवर्ड देऊन चालू करा.

आमच्याकडे एवढे होऊनही नेट येईना. संध्याकाळ गेली. कारण कळले तेव्हा हसू आले. नेटवाल्याच्या पेटीचा पत्ताही १९२.१६८.१.१ आणि आमच्या राऊटरचाही तोच! दोन शेतांना एकच गट नंबर लागला तर तलाठ्याने फेरफार कुठल्या नावाने करायचा? राऊटरचा पत्ता बदलून १९२.१६८.२.१ केला. तर दीड मिनिटाने तो आपोआप परत जुनाच झाला. पुतण्या म्हणाला, भुताटकी आहे. भुताटकी नव्हे, सोय आहे. नवा पत्ता ९० सेकंदांत उघडून दाखवला नाही, तर माणूस बाहेर अडकला असे समजून राऊटर जुन्यावर येतो. केबल काढून पुन्हा लावली, लॅपटॉपला नवा पत्ता मिळाला, लगेच १९२.१६८.२.१ उघडले आणि बदल टिकला.

तरीही नेट आले नाही तर नेटवाल्याला फोन करा. काही नेटवाले जुन्या उपकरणाचा मॅक नंबर बांधून ठेवतात. नव्या पेटीचा नंबर सांगितला की मोकळे होते. पासवर्डच विसरलात, तर चालू राऊटरचे रीसेट बटण दहा सेकंद दाबून धरा. बहुतेक पेट्या कोऱ्या होतात आणि पहिल्यापासून मांडता येतात.

एवढ्या उठाठेवीत मिळाले काय? एक तर चुकांची दुरुस्ती पुन्हा येऊ लागली. ती आपोआप घातली जात नाही, दर दोन-तीन महिन्यांनी बघावी लागते. आणि दुसरे, एसक्यूएम नावाची सोय. पूर्वी एकाने मोठा व्हिडिओ पाठवायला घेतला की बाकीच्यांचे सारे थांबायचे. वरच्या शेतकऱ्याने पाट अडवला की खालची खाचरे कोरडी, तसे. एसक्यूएम प्रत्येकाला पाळीने पाणी सोडते. मोजलेला वेग ४० असेल तर त्यात ३६ च्या आसपास लिहायचा. थोडा वेग सोडावा लागतो, पण पुतणीचा वर्ग चालू असताना वहिनींचा फोन अडकत नाही. शंभरच्या पुढचा वेग असेल तर जुन्या पेटीचा मेंदू दमतो, हेही सांगून ठेवतो.

ज्यांना जुन्याची झटापट नको, त्यांच्यासाठी याच मंडळींनी २०२४ च्या अखेरीस ओपन-डब्ल्यूआरटी वन नावाचा स्वतःचा राऊटर काढला. त्यात साठवणीच्या दोन वेगळ्या चिपा आहेत. एक बिघडली तर दुसरीवरून पेटी उठते. आमच्या घरी तो असता तर वहिनी भिजल्या नसत्या. निघाला तेव्हा किंमत ८९ डॉलर होती. आपल्या खिशाला ती जड आहे, म्हणून मी अजून जुन्यावरच आहे.

पुतणीला पसंतीचे कॉलेज मिळाले. राऊटरचा मालकी पासवर्ड आता तिच्याकडे आहे आणि तो ती मला सांगत नाही. आवृत्ती बदलायची झाली की तिला विचारावे लागते, आणि ती आधी पंचांगात नव्हे, परीक्षेच्या वेळापत्रकात बघते.

ज्यांनी पत्रे पाठवली त्यांनी राऊटर उलटा करून लेबलवरचे मॉडेल आणि आवृत्ती कळवावी. पासवर्ड पत्रात लिहू नये. गेल्या वेळी एकाने तोही लिहिला होता.